गळती मोजण्याची गोष्ट

गावाच्या टाकीतून रोज किती पाणी सोडले, हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्याला साधारणपणे सांगता येते. पंप किती तास चालला, टाकीची पातळी किती उतरली, यावरून तो आकडा निघतो. पण त्यांपैकी किती पाणी घराघरांतल्या हंड्यांत आणि पिंपांत पोचले, असे विचारले की उत्तर अडखळते. या दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे गळती, चोरी आणि मापातली चूक या तिघांची बेरीज. बेरीज मिळाली तरी त्यातला प्रत्येकाचा वाटा किती, हे तिच्यावरून कळत नाही. हा प्रश्न सुमारे १९०० वर्षे जुना आहे. त्याचे पहिले समाधानकारक उत्तर आमच्या मते १८७३ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात मिळाले. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ही हकिकत सहसा येत नाही. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत नळाच्या गळतीला कुठून जागा मिळणार? पण मापन म्हणजे काय, हे वर्गात समजावून द्यायला इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

सुरुवात रोमपासून करू या. इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हा याने सेक्स्टस ज्यूलियस फ्राँटिनस या अनुभवी सेनानीची शहराच्या पाणीपुरवठ्यावर प्रमुख म्हणून नेमणूक केली. फ्राँटिनसने कारभार हाती घेताच आधी दप्तर तपासले. सर्व कालव्यांतून शहरात येणारे पाणी १२,७५५ क्विनारिया, आणि वाटप झालेले पाणी १४,०१८ क्विनारिया, अशी नोंद होती. म्हणजे जमेपेक्षा खर्च १,२६३ ने जास्त! कोणत्याही हिशेबनिसाला घाम फुटावा असा हा प्रकार. फ्राँटिनस मग प्रत्यक्ष कालव्यांच्या उगमापाशी गेला आणि त्याने स्वतः मापे घेतली. तेव्हा दप्तरात दाखवलेल्यापेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया पाणी जास्त येत असल्याचे त्याला आढळले. हे जास्तीचे पाणी वाटेत नाहीसे होत होते. काही कालव्यांच्या भेगांतून झिरपे, पण बरेचसे चोरीला जाई. शहरातल्या नळांना ठिकठिकाणी भोके पाडून पाणी विकण्याचा धंदाच चालू होता, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या माणसाला 'भोकांवरचा' अशा अर्थाचे टोपणनावही पडलेले होते.

पण फ्राँटिनसच्या मापातही एक उणीव होती. क्विनारिया हे प्रवाहाचे माप नव्हे. सुमारे सव्वादोन सेंटीमीटर व्यासाच्या नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ म्हणजे एक क्विनारिया. पाणी त्या तोंडातून किती वेगाने वाहते, याचा त्यात हिशेबच नाही. वेगाने येणारे पाणी जास्त भरते हे फ्राँटिनसला ठाऊक होते आणि त्याने तसे लिहूनही ठेवले आहे. मात्र वेग मोजायचे साधन त्याच्याजवळ नव्हते. नुसत्या क्षेत्रफळावरून पाण्याचा जमाखर्च जुळवू पाहणे म्हणजे दुकानाच्या दाराची रुंदी मोजून गिऱ्हाइके किती आली हे ठरवण्यासारखे झाले.

पुढची कित्येक शतके पाण्याचे माप याच अडचणीत राहिले. नळ मात्र बदलत गेले. लंडनमध्ये १६१३ साली ह्यू मिडल्टन याने 'न्यू रिव्हर' हा कालवा शहरापर्यंत आणला. तिथून पुढे पाणी जाई ते लाकडी नळांतून. एल्म वृक्षाचे सरळ ओंडके घेऊन त्यांना मधोमध आरपार भोक पाडीत, एक टोक निमुळते करीत आणि ते पुढच्या ओंडक्याच्या तोंडात ठोकून बसवीत. असे शेकडो मैल नळ लंडनच्या रस्त्यांखाली होते. ते कुजत, फाटत आणि सांध्यांपाशी सतत पाझरत. जास्त दाब त्यांना सोसत नसे. म्हणून पाणी दिवसातून थोडे तास किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवस सोडले जाई. कंपनीचा चावीवाला येऊन पेठेची चावी फिरवी, लोक टाक्या, पिंपे, बादल्या भरून ठेवीत, मग चावी बंद. आपल्याकडच्या वाचकांना हे चित्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१७८५ साली टॉमस सिम्पसन या लंडनच्या चेल्सी वॉटर कंपनीच्या इंजिनिअरने बिडाच्या नळांसाठी एक सोपा सांधा काढला. नळाचे एक टोक घंटेसारखे फुगीर करायचे, त्यात पुढच्या नळाचे सरळ टोक घालायचे, आणि मधल्या फटीत ताग ठासून वरून वितळलेले शिसे ओतायचे. या सांध्यामुळे बिडाचे नळ खरोखर उपयोगाचे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लंडनमधले लाकडी नळ उखडले गेले. नळ आता दाब सोसू लागले, तरी पाणी सोडण्याची पद्धत जुनीच राहिली. कंपन्यांचे म्हणणे असे की, चोवीस तास पाणी ठेवले तर लोक तोट्या उघड्या टाकतील, गळके नळ रात्रंदिवस वाहतील आणि तलाव कोरडे पडतील. पाणी बंद ठेवणे हाच काटकसरीचा मार्ग.

या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला टॉमस हॉक्सली या नॉटिंगहॅमच्या तरुण इंजिनिअरने. १८३१ साली त्याने ट्रेंट नदीवर पाण्याचा कारखाना उभारला आणि नळांत सतत दाब ठेवून चोवीस तास पाणी दिले. पुढे इंग्रज सरकारने शहरांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे १८४४ च्या सुमारास त्याने साक्ष दिली, ती फार गाजली. त्याच्या बाजूचे मुद्दे आजही तितकेच खरे आहेत. पाणी ठरावीक वेळी येणार असले की लोक तोटी उघडी ठेवून वाट पाहतात, भांडे भरले तरी पाणी चालूच राहते. ताजे पाणी आले की कालचे साठवलेले ओतून देतात. सगळे एकाच वेळी पाणी भरत असल्याने नळ मोठ्या व्यासाचे लागतात. रिकाम्या नळांत पाणी शिरताना आतली हवा दाबली जाते आणि तिचे हिसके बसून सांधे सुटतात. शिवाय चावीवाल्यांचा पगार वेगळाच.

हॉक्सलीचे म्हणणे बरोबर होते, पण ते अर्धेच होते. दुसरा अर्धा भाग कळायला लिव्हरपूलला यावे लागले.

लिव्हरपूल हे त्या काळी ब्रिटनचे मोठे बंदर. दाट वस्तीच्या तळघरांत राहणारे गरीब लोक, आणि त्यांच्यावर वारंवार कोसळणाऱ्या साथी. १८४७ साली या शहराने डॉ. विल्यम डंकन यांना नगराचे आरोग्य अधिकारी नेमले. इंग्लंडमधली तशी ती पहिलीच नेमणूक. शहराने खाजगी पाणी कंपन्या विकत घेतल्या आणि हॉक्सलीच्याच आराखड्यानुसार रिव्हिंग्टन इथे तलाव बांधले. १८५७ पासून तिथले पाणी येऊ लागले आणि चोवीस तास पुरवठा सुरू झाला. पण थोड्याच वर्षांत माणशी खर्च वाढत गेला. अवर्षणाच्या वेळी तलाव खाली गेले, आणि १८६० च्या दशकात शहर पुन्हा वेळेच्या पाण्यावर आले. लंडनच्या कंपन्यांची भीती खरी ठरली, असे म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला.

झाले होते ते असे. नळांत चोवीस तास दाब राहिला, त्याबरोबर प्रत्येक भोक, प्रत्येक सैल सांधा, प्रत्येक झिजलेली तोटी चोवीस तास वाहू लागली. किती वाहते, याचा अंदाज शाळेतल्या भौतिकीने काढता येतो. पाण्याची उंची h असली तर भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग √(२gh) इतका असतो. हा टॉरिचेल्लीचा नियम. भोक फक्त ३ मिलिमीटर व्यासाचे आणि नळातला दाब ३० मीटर उंच पाण्याइतका धरू. वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर येतो. प्रवाह भोकातून बाहेर पडताना आकसतो, त्यासाठी ०.६ ने गुणू. म्हणजे तासाला सुमारे ३७० लिटर, दिवसाला जवळजवळ ८,९०० लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या मापाने तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भोकातून साठाहून अधिक माणसांचे पाणी जाते. याउलट तेच भोक दिवसातून चारच तास आणि १० मीटर दाबाखाली वाहिले, तर साडेआठशे लिटरांच्या आसपासच पाणी गेले. पाणी बंद ठेवण्याचा मोह का होतो, हे या दोन आकड्यांत आहे. भोक तेवढेच राहते आणि गळती दहावा हिस्सा होते. दुरुस्ती करायला नको, रस्ता खणायला नको.

१८७१ साली लिव्हरपूलने जॉर्ज फ्रेडरिक डीकन या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअरला नगराचा आणि पाणीखात्याचा अभियंता नेमले. डीकन ग्लासगोला शिकला होता. तिथे त्याला रँकिन आणि विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, हे गुरू लाभले. टॉमसनच्याच शिफारशीने १८६५ साली तो 'ग्रेट ईस्टर्न' जहाजावरून अटलांटिक महासागरात तारायंत्राची केबल टाकण्याच्या मोहिमेत गेला होता. त्या मोहिमेत केबलमध्ये पुन्हा पुन्हा दोष निघत. समुद्राच्या तळाशी गेलेल्या केबलमध्ये दोष कुठे आहे, हे जहाजावर बसून विजेच्या मापनानेच ठरवावे लागे. डोळ्यांना न दिसणारी जागा एका टोकाला बसून मोजमापाने शोधायची, हा धडा तिथे सगळ्यांनाच मिळाला असणार.

गळती शोधण्याची तोपर्यंतची पद्धत म्हणजे घरोघर निरीक्षक पाठवणे. तो दार ठोठावी, आत जाऊन तोट्या, हौद, संडासाच्या टाक्या पाही. घरवाल्यांना ते आवडत नसे. दहा घरे निर्दोष निघाली तरी तपासावी ती लागतच. आणि जमिनीखालची गळती या निरीक्षकाला कधीच दिसत नसे. दुसरा उपाय प्रत्येक घराला मीटर बसवण्याचा. पण मीटर सांगतो ते महिनाभरात एकूण किती पाणी गेले ते. ते वापरले गेले की वाया गेले, हे तो सांगत नाही.

डीकनने प्रश्नच बदलला. 'किती पाणी गेले?' याऐवजी त्याने विचारले, 'या क्षणी पाणी कोणत्या वेगाने जात आहे?' मोटारीत दोन मापे असतात. एक आजवर किती किलोमीटर अंतर कापले ते दाखवते आणि दुसरा काटा या घडीचा वेग दाखवतो. घरचा पाण्याचा मीटर पहिल्या प्रकारचा. डीकनला दुसऱ्या प्रकारचे यंत्र हवे होते. अकरावी-बारावीच्या मुलांना संकलन आणि विकलन यांतला फरक सांगताना हे उदाहरण जरूर वापरावे.

त्याने १८७३ साली बनवलेले यंत्र अगदी साधे होते. खाली रुंद होत जाणारी एक उभी शंकूच्या आकाराची नळी. पाणी वरून येऊन खालून जाते. नळीत एक आडवी चकती बारीक तारेने टांगलेली, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला चकती वर ओढून धरणारे वजन. पाणी वाहत नसले तर चकती वर, अरुंद भागात बसते. प्रवाह जितका जास्त, तितकी ती खाली रुंद भागाकडे ढकलली जाते. तारेला एक पेन्सिल जोडलेली आणि पेन्सिलीसमोर घड्याळाच्या यंत्रावर फिरणारे कागदाचे नळकांडे. कागदावर आडव्या दिशेने वेळ आणि उभ्या दिशेने प्रवाह. (रसायनशास्त्राच्या मोठ्या प्रयोगशाळांत वायूचा प्रवाह दाखवणारे रोटामीटर असते. त्यात द्रव वा वायू खालून वर जातो, तत्त्व मात्र हेच.)

शहराचे काही हजार वस्तीचे एकेक विभाग पाडायचे, विभागात येणारे सगळे पाणी एकाच नळातून आणायचे, आणि त्या नळावर हे यंत्र बसवायचे. दिवसा कागदावर दातेरी, खालीवर नाचणारी रेघ उमटते. कोणी तोटी उघडली, कोणी बंद केली, त्याचे ते दाते. रात्र होते, गाव झोपते. दाते विरळ होतात, आणि मध्यरात्रीनंतर एक सपाट आडवी रेघ उरते. माणसे झोपलेली असतात आणि पाणी चाललेले असते. ती सपाट रेघ शून्यावर नसेल, तर शून्यापासून तिची उंची म्हणजेच गळती.

वापर आणि गळती यांच्यात फरक करणारी गोष्ट सापडली ती अशी. वापर थांबून थांबून होतो, गळती थांबत नाही. फ्राँटिनसला जे वेगळे काढता आले नव्हते, ते एका पेन्सिलीने कागदावर वेगळे काढून दाखवले.

पुढचे काम रात्रपाळीच्या माणसांचे. ज्या विभागाची रात्रीची रेघ सगळ्यांत उंच, तिथे निरीक्षक जाई. प्रत्येक घराच्या जोडणीवर रस्त्यातच एक चावी असे. तो चावीच्या लोखंडी दांड्याचे एक टोक नळावर ठेवून दुसरे टोक कानाला लावी. आत पाणी वाहत असेल तर सूऽऽ असा आवाज येतो. जिथे आवाज येई तिथली चावी तो बंद करी आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवी. सकाळी यंत्रातला कागद आणि त्याची वही शेजारी ठेवली की अमुक वेळी रेघ एक पायरी खाली आली, म्हणजे अमुक घराची गळती इतकी, हे कळे. मग त्या एकाच घरी दिवसा जायचे. बाकीच्यांची झोपही मोडली नाही आणि दारेही ठोठावली गेली नाहीत. घरांच्या सगळ्या चाव्या बंद करूनही रेघ खाली येत नसेल, तर दोष रस्त्याखालच्या मुख्य नळात आहे. मग तिथे गल्लीगल्लीच्या चाव्या बंद करून तीच रीत.

लिव्हरपूलमध्ये माणशी खर्च इतका कमी झाला की नवे पाणी न आणता शहराला पुन्हा चोवीस तास पुरवठा देता आला. डीकनचे यंत्र मग इतर शहरांतही गेले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण गळतीवर लिहिणारे तिच्याकडे काणाडोळा करतात. गळती थांबवल्याने लिव्हरपूलला धरण टळले नाही, ते काही वर्षे पुढे गेले, इतकेच. वाढत्या शहरासाठी १८८० च्या दशकात वेल्समध्ये व्हिर्नवी नदीवर दगडी धरण बांधले गेले. त्याचे अभियंते होते हॉक्सली आणि स्वतः डीकन. लानउद्दिन नावाचे गाव, त्यातले चर्च, घरे आणि शेतांतल्या वाड्या पाण्याखाली गेल्या. दफनभूमीतले मृतदेह उकरून दुसरीकडे पुरावे लागले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते पाणी शंभरावर किलोमीटर वाहून लिव्हरपूलला पोचू लागले. गळती शोधणाऱ्यानेच गाव बुडवणारे धरण बांधले, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. शंका विचारायची ती वेगळी आहे. ज्या शहरांनी रात्रीची रेघ कधी काढलीच नाही, त्यांची किती धरणे अकाली बांधली गेली? आपल्या मुंबईत विहारचा तलाव १८६० साली, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली, आणि पुढे वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा असा प्रवास झाला. प्रत्येक वेळी पाणी आणखी दुरून आले. ते ज्या नळांत सोडले, त्यांच्या गळतीची चर्चा त्या मानाने नेहमी मागाहून झाली.

पाणी बंद ठेवून गळती आवरण्याच्या मार्गात आणखी एक धोका आहे आणि तो पाण्याच्या हिशेबात दिसत नाही. नळात दाब असतो तोवर भोकातून पाणी बाहेर येते. चावी बंद झाली, नळ उतारावरून रिकामा होऊ लागला, की आत निर्वात होऊ लागतो आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. नळ बहुधा गटाराच्या शेजारून गेलेला असतो. मग बाहेरचे पाणी म्हणजे कसले, हे सांगायला नको. १८७३ साली केंब्रिजच्या कीज कॉलेजात विषमज्वराची साथ आली, ती मुख्यतः ट्री कोर्ट नावाच्या एकाच इमारतीत. डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनी तपास केला. संडासांना पाणी देणारा नळ पिण्याच्या नळाला थेट जोडलेला होता. मधे पुरवठा खंडित झाला, तेव्हा संडासातली घाण नळात ओढली गेली आणि पाणी परत आल्यावर ती तोट्यांतून बाहेर आली. जिथे आत शिरायला वाट आहे आणि दाब नाही, तिथे हे होणारच. पाणी येण्याच्या वेळी पहिली काही मिनिटे गढूळ, वासाचे पाणी येते, ते सोडून द्यायचे असते, ही आपल्या घरांतली रीत त्याचीच खूण आहे.

याचे चांगले मोजमाप आपल्या शेजारच्याच राज्यात झाले आहे. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास नवे नळ घालून चोवीस तास पाणी सुरू झाले. बाकीच्या शहरात जुनाच क्रम, काही दिवसांनी काही तास पाणी. उगम तोच, शुद्धीकरणही तेच. एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या बर्कलीच्या संशोधकांनी दोन्ही भागांतल्या तोट्यांचे पाणी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विष्ठेचे प्रदूषण दाखवणारा ई. कोलाय हा जीवाणू चोवीस तास पुरवठ्याच्या नमुन्यांपैकी ०.७ टक्क्यांत आढळला. खंडित पुरवठ्यात तो ३१.७ टक्के नमुन्यांत होता. पाणी तेच असताना नळातला दाब तेवढा वेगळा होता.

गळतीचे शास्त्र डीकननंतर पुढे गेले ते बरेचसे त्याच्याच वाटेने. ब्रिटनमध्ये १९८० च्या एका महत्त्वाच्या अहवालाने शहराचे मीटर बसवलेले विभाग पाडण्याची शिफारस केली, ती म्हणजे डीकनचीच पद्धत. आता पेन्सिलीच्या जागी विद्युत उपकरणे आली. रात्री दोन ते चारच्या दरम्यानचा किमान प्रवाह अजूनही मुख्य निकष आहे. लोखंडी दांड्याच्या जागी नळावर दोन ठिकाणी बसवलेले ध्वनिग्राहक आले. गळतीचा आवाज दोघांपर्यंत किती मागेपुढे पोचतो, त्यावरून जागा काढतात. (प्लास्टिकच्या नळांत आवाज लवकर विरतो, तिथे ही युक्ती नीट चालत नाही.) भर पडली ती दाबाच्या अभ्यासाची. जॉन मे यांनी १९९४ साली दाखवले की नळातल्या काही फटी दाबाखाली स्वतःच रुंदावतात. टॉरिचेल्लीच्या नियमाप्रमाणे दाब निम्मा केला तर गळती ७१ टक्क्यांवर येते. रुंदावणाऱ्या फटींत ती ३५ टक्क्यांपर्यंतही उतरू शकते. म्हणजे पाणी बंद करण्याऐवजी रात्री दाब थोडा उतरवला, तरी पुष्कळ साधते आणि गटाराचे पाणीही आत येत नाही.

ज्ञान असले की काम होतेच असे नाही. डीकनच्याच देशात १९९४-९५ साली इंग्लंड आणि वेल्समधली गळती रोज सुमारे ५१० कोटी लिटर इतकी होती. १९९५ च्या दुष्काळात यॉर्कशरमध्ये टँकरने पाणी वाहून नेण्याची पाळी आली, लोक चिडले आणि १९९७ नंतर कंपन्यांवर गळतीची सक्तीची उद्दिष्टे घातली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत गळती सुमारे एक तृतीयांशाने उतरली. त्या दोन-तीन वर्षांत नवे भौतिकशास्त्र सापडले नव्हते.

उलट उदाहरण कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हिचे. दीर्घ यादवीतून बाहेर आलेल्या या शहरात १९९३ साली सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. एक सोन चान या इंजिनिअरच्या हाती खाते आले. त्यांनी नळ बदलले, सगळ्या जोडण्यांना मीटर बसवले, विभाग पाडले, आणि चोरट्या जोडण्या तोडल्या. त्यांत खात्यातल्याच लोकांनी दिलेल्या जोडण्याही होत्या. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याने मीटर बसवू देण्याऐवजी पिस्तूल रोखल्याची हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. पंधरा-सोळा वर्षांत बेहिशेबी पाण्याचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आले आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या मलकापूर या छोट्या नगराने २००९ च्या सुमारास घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, त्याचे कौतुक झाले. मोठ्या शहरांत मात्र 'आधी पाणी वाढवा, मग चोवीस तासांचे बोला' हाच युक्तिवाद ऐकू येतो. १८४० च्या लंडनमधल्या कंपन्यांच्या तोंडी तो शोभला असता.

केंद्र सरकारने २००८ साली नगरपालिकांसाठी ठरवलेल्या निकषांत बेहिशेबी पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले आहे. या टक्क्यांबद्दल मुलांना एक गंमत सांगता येईल. एका गावात रोज १०० लिटर वापर आणि २५ लिटर गळती आहे असे समजा. सोडलेले पाणी १२५, गळती २० टक्के. गावकऱ्यांनी काटकसर करून वापर ७५ वर आणला आणि गळती तीच राहिली, तर गळती २५ टक्के झाली. लोक शहाणे झाले आणि खाते नापास झाले! म्हणून जाणकार आता गळती टक्क्यांत न मांडता दर जोडणीमागे रोज इतके लिटर, अशी मांडतात.

डीकनची पद्धत कोणत्याही शाळेत करून पाहता येते. आपल्या बहुतेक शाळांना पाणी वेळेनेच येते, त्यामुळे मीटरवर हा प्रयोग जमत नाही. गच्चीवरची टाकी वापरावी. शनिवारी दुपारी बारा वाजता शाळा सुटल्यावर टाकीत येणाऱ्या पाण्याची चावी बंद करावी आणि शिक्षकांनी किंवा शिपाईमामांनी वर जाऊन पट्टीने पातळी मोजावी. सोमवारी सकाळी सात वाजता, मुले येण्याआधी, पुन्हा मोजावी. मधले तास ४३. समजा, टाकीचा तळ दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आहे आणि पातळी ६ सेंटीमीटर उतरली. म्हणजे ९० लिटर, तासाला दोन लिटरांहून थोडे जास्त. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर, दिवसाला सव्वाचार लिटर पाणी घालवते. तासाला दोन लिटर म्हणजे अशा दहा-बारा तोट्या. तितक्या गळक्या तोट्या शाळेत दिसत नसतील, तर पाणी भिंतीत किंवा जमिनीत जात आहे. पुढच्या शनिवारी मुतारीकडे जाणाऱ्या नळाची चावी बंद करून मोजावे, त्यापुढच्या शनिवारी बागेच्या नळाची, आणि कोणत्या आठवड्यात पातळी उतरायची थांबते ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.